अमेरिकेतले राज्य कायदे: बाहेरचे दिवे आणि जप्त होणारी खोटी ओळखपत्रे – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी उजाडला की अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांची विधिमंडळे भरतात आणि ओळखीपाळखीच्या मराठी घरांतून प्रश्न सुरू होतात. दोन विषय हमखास असतात. एक, घराबाहेरच्या दिव्यांवर येऊ घातलेले नियम. दुसरा, बारवाल्याने किंवा दुकानदाराने खोटे ओळखपत्र काढून घेण्याचा अधिकार. बातम्यांत दोन्हींचे मथळे मोठे असतात, पण कायद्याचा खरा जीव अपवादांच्या यादीत आणि अंमलबजावणी कोणाच्या गळ्यात पडते यात असतो. म्हणून इथे त्यावर जास्त लिहिले आहे. हा वकिली सल्ला नाही. तुमच्या राज्याचा कायदा त्या राज्याच्या विधिमंडळाच्या साइटवर मोफत वाचता येतो, तो एकदा वाचाच.

१. हे सगळं राज्य का ठरवतं? वॉशिंग्टनमध्ये एकच कायदा का नाही?

जमिनीचा वापर, बांधकाम, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे तंटे ही सगळी राज्यांची कामे. तुमच्या अंगणातल्या दिव्याने आकाश उजळू नये असे सांगणारा केंद्रीय कायदा नाही. राज्य विधिमंडळांच्या राष्ट्रीय परिषदेच्या नोंदीप्रमाणे किमान १९ राज्यांत, शिवाय राजधानी वॉशिंग्टन डीसी आणि पोर्टो रिकोत, प्रकाशप्रदूषणावर काही ना काही कायदा आहे. बाकी ठिकाणी शहर, टाउन किंवा काउंटी आपापले बघते.

दारूचे तसेच. १९३३ च्या २१व्या घटनादुरुस्तीने दारूबंदी उठली आणि दारूचे नियमन राज्यांकडे गेले. मग वय सगळीकडे २१ कसे? केंद्राने १९८४ मध्ये कायदा केला की ज्या राज्यात २१ च्या आतल्याला दारू विकत घेता येईल, त्याच्या महामार्ग निधीला कात्री लागेल. साउथ डकोटा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८७ मध्ये हरले. वय केंद्राने पैशाच्या जोरावर ठरवून घेतले, पण वय तपासायचे कसे, खोटे कार्ड दिसले तर करायचे काय, हे अजूनही राज्याच्याच हातात आहे.

२. दोन्ही विषय एकाच विधेयकात आहेत का? बातमीत तर एकत्रच होते.

बहुधा नाही. बहुतेक राज्यांच्या घटनांत ‘एका विधेयकात एकच विषय’ असा नियम आहे. एकाच आठवड्यात दोन वेगळ्या विधेयकांवर सुनावणी झाली की वार्ताहर एका बातमीत दोन्ही उरकतो. विधेयकाचा क्रमांक शोधा आणि मूळ मजकूर उघडा. त्यात नव्या शब्दांखाली रेघ आणि वगळलेल्या शब्दांवर काट असते, त्यामुळे काय बदलणार ते पाच मिनिटांत कळते.

३. विधेयक मांडलं गेलं म्हणजे कायदा होणारच ना?

अजिबात नाही. विधेयक समितीकडे जाते, सुनावणी होते, आणि बहुतेकांचा शेवट तिथेच होतो. वाचलेच तर दोन्ही सभागृहांतून जावे लागते (नेब्रास्कात एकच सभागृह आहे), मग गव्हर्नरची सही. मॅसॅच्युसेट्समध्ये बाहेरच्या दिव्यांचे विधेयक वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा मांडले जाते आणि अडकते. कॅलिफोर्नियात गंमत अशी की राज्याच्या इमारतींवरच्या दिव्यांचे विधेयक दोन्ही सभागृहांनी मंजूर करूनही गव्हर्नर न्यूसम यांनी २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये नकाराधिकार वापरला. पहिल्या वेळी कारण सांगितले ते खर्चाचे. म्हणून विधेयकासोबत येणारा खर्चाचा अंदाज वाचायची सवय ठेवा. विरोध तत्त्वाला कमी आणि त्या आकड्याला जास्त असतो.

टेक्सासमध्ये विधिमंडळ विषम वर्षांतच भरते, तेही नियमित अधिवेशन फार तर १४० दिवस. तिथे एकदा गाडी चुकली की दोन वर्षे थांबा.

४. मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, मतदार नाही. सुनावणीत बोलता येईल का?

येईल. राज्याच्या समितीपुढे साक्ष द्यायला नागरिकत्व लागत नाही. नाव, गाव आणि तुम्ही बाजूने की विरोधात एवढे नोंदवायचे. बोलायला साधारण दोन-तीन मिनिटे मिळतात. लेखी निवेदनही चालते, आणि मला तर तेच बरे वाटते, कारण समितीचे कर्मचारी ते वाचतात. न्यू हॅम्पशायरच्या कनिष्ठ सभागृहात ४०० सदस्य आहेत आणि तिथे प्रत्येक विधेयकाची जाहीर सुनावणी होते. तुमचा प्रतिनिधी किराणा दुकानात भेटेल इतका जवळचा असतो.

निवेदन सार्वजनिक नोंदीत जाते हे मात्र लक्षात ठेवा. त्यात घराचा पूर्ण पत्ता किंवा इमिग्रेशनचा तपशील लिहायची गरज नसते.

५. बाहेरच्या दिव्यांचा कायदा म्हणजे दिवे लावायचेच नाहीत का?

नाही हो. जवळजवळ प्रत्येक कायद्याचा गाभा एकच: प्रकाश खाली पडू दे, वर आणि बाजूला सांडू नये. त्यासाठी दिव्याला वरून आणि बाजूंनी झाकण हवे, म्हणजे बल्ब थेट डोळ्यांत येत नाही. डार्कस्काय इंटरनॅशनल (१९८८ मध्ये टूसॉनमध्ये सुरू झालेली संस्था, २०२३ पर्यंतचे नाव इंटरनॅशनल डार्क-स्काय असोसिएशन) आणि प्रकाश अभियंत्यांची संघटना यांनी मिळून पाच गोष्टी सांगितल्या आहेत: गरज असेल तरच दिवा, जिथे हवा तिथेच, हवा तेवढाच प्रखर, हवा तेव्हाच, आणि रंगाने पिवळट. राज्यांतल्या नव्या विधेयकांची भाषा बरीचशी इथूनच आलेली दिसते.

याची सुरुवात मात्र खगोलशास्त्रज्ञांच्या गावातून झाली. ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफला लोवेल वेधशाळा आहे, जिथे १९३० मध्ये प्लूटो सापडला. त्या गावाने १९५८ मध्येच जाहिरातीच्या सर्चलाइटवर बंदी घातली आणि २००१ मध्ये जगातले पहिले ‘डार्क स्काय’ शहर ठरले.

६. चांदण्या दिसल्या नाहीत तर बिघडलं काय? कायदा करण्याइतकं?

हा प्रश्न सुनावणीतही येतो आणि तो रास्त आहे. २०१६ च्या जागतिक नकाशाप्रमाणे उत्तर अमेरिकेतल्या जवळपास ८० टक्के लोकांना राहत्या ठिकाणाहून आकाशगंगा दिसत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हजारो हौशी निरीक्षकांच्या २०११ ते २०२२ मधल्या नोंदी तपासल्या, तेव्हा आकाशाचा उजेड सरासरी वर्षाला ९.६ टक्क्यांनी वाढताना दिसला. म्हणजे मूल जन्मले तेव्हा जिथे २५० तारे दिसत होते, तिथे ते १८ वर्षांचे होईपर्यंत १०० उरतात.

पण विधिमंडळात तारे मते मिळवून देत नाहीत. मते फिरतात ती पक्षी, वीजबिल आणि झोप यांवर. ५ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी शिकागोच्या मॅकॉर्मिक प्लेस या सभागृहाच्या काचांवर आपटून एका रात्रीत सुमारे हजार स्थलांतरित पक्षी मेले. त्या एका बातमीने जे केले ते वीस वर्षांच्या पत्रकांनी केले नव्हते. फ्लोरिडात समुद्रकिनाऱ्यावरच्या गावांचे नियम कासवांसाठी आहेत. अंड्यातून बाहेर आलेली पिल्ले उजेडाकडे जातात, आणि समुद्राऐवजी हॉटेलच्या दिव्याकडे वळली की मरतात.

आपल्याकडचे विचाराल तर, जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातला पेंच व्याघ्र प्रकल्प भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. विदर्भात जाणे झाले तर एक रात्र तिथल्या आकाशासाठी राखून ठेवा.

७. माझ्या घराच्या दिव्यावर राज्य काही म्हणू शकतं का?

राज्यावर अवलंबून आहे, आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. ढोबळमानाने तीन तऱ्हा दिसतात.

बहुतेक ठिकाणी राज्य फक्त स्वतःला बांधून घेते. कनेटिकटमध्ये २०२३ च्या कायद्याने राज्याच्या मालकीच्या इमारतींचे अनावश्यक बाहेरचे दिवे रात्री ११ ते सकाळी ६ बंद ठेवायचे आहेत. तुमच्या अंगणाशी त्याचा संबंध नाही.

काही राज्ये सगळ्यांना लागू होईल असा नियम करतात. न्यू मेक्सिकोचा १९९९ चा रात्रीच्या आकाशाच्या संरक्षणाचा कायदा असा आहे: बाहेरच्या दिव्यांना झाकण, आणि खेळाच्या मैदानांचे दिवे रात्री ११ नंतर बंद. ॲरिझोनाचाही कायदा राज्यभर झाकण मागतो.

आणि काही राज्ये गावांना ‘तुम्ही करा’ म्हणतात. न्यू हॅम्पशायरचे राज्य धोरण गावांनी असे नियम करावेत असे उत्तेजन देते, सक्ती करत नाही. टेक्सासने मॅकडोनल्ड वेधशाळेपासून ५७ मैलांच्या आतल्या काउंट्या आणि गावांवर मात्र ही जबाबदारी टाकली आहे. त्या भागात, मेक्सिकोची हद्द धरून, २०२२ मध्ये १५ हजार चौरस मैलांहून मोठे डार्क स्काय क्षेत्र जाहीर झाले.

म्हणजे राज्याचा कायदा वाचून थांबू नका. गावाचा नियम आणि तुमच्या सोसायटीचे, म्हणजे एचओएचे, कागद हे दोन्ही पाहा. रोजच्या व्यवहारात एचओएचा कागद सगळ्यात कडक निघतो.

८. मग सूट कोणाला असते?

विमानतळ आणि उंच टॉवरवरचे दिवे केंद्रीय नियमांनी चालतात, त्यांना राज्य हात लावत नाही. आणीबाणीची कामे आणि रस्ताबांधणीही बहुधा वगळलेली असते. त्यापलीकडची सूट म्हणजे राजकारण. न्यू मेक्सिकोत शेते, डेअऱ्या, खाणी, तेल आणि वायूची केंद्रे वगळली आहेत. पर्मियन खोऱ्यातल्या तेलविहिरींचा झगमगाट ज्यांनी रात्री पाहिला आहे त्यांना ही सूट किती मोठी हे कळेल. दंडही बघा: आधी ताकीद, मग फार तर २५ डॉलर. एवढ्या दंडाला कोण घाबरणार?

दुसरी पळवाट काळाने तयार केली. जुने कायदे वॅट मोजतात. ॲरिझोनात १५० वॅटपर्यंतचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब आणि ७० वॅटपर्यंतचा इतर कुठलाही दिवा झाकणाविना चालतो. नियम लिहिला तेव्हा ते ठीक होते. आज ७० वॅटचा एलईडी त्या १५० वॅटच्या बल्बपेक्षा कितीतरी जास्त प्रकाश फेकतो. म्हणून नवी विधेयके वॅट सोडून ल्युमेन (प्रकाश किती) आणि केल्विन (उजेडाचा रंग कसा) मोजतात, आणि जुना कायदा असलेल्या राज्यांतही हा विषय पुन्हा निघतो.

९. केल्विन किती हवा? आणि तो बघायचा कुठे?

बल्बच्या खोक्यावर लिहिलेला असतो. आकडा जितका लहान तितका उजेड पिवळा. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ मध्ये रस्त्यांवरच्या दिव्यांसाठी ३००० केल्विन किंवा त्याहून कमी असा सल्ला दिला आणि बरेच नियम तोच आकडा धरतात. घराला २७०० घ्या, कुठेही अडचण येणार नाही. ‘डेलाइट’ असे लिहिलेला ५००० चा बल्ब पोर्चला लावू नका. हवाईतल्या माउई काउंटीत प्रकरण आणखी पुढे गेले आहे. तिथे २०२२ च्या नियमाने बाहेरच्या दिव्यातला निळा प्रकाश २ टक्क्यांवर आणला.

१०. पण लख्ख उजेड असला की चोर येत नाहीत, हे तर खरं ना?

अर्धवट खरे. न्यूयॉर्कमध्ये २०१६ मध्ये सरकारी वसाहतींत चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडलेल्या ठिकाणी प्रखर दिव्यांचे मनोरे उभे केले, तेव्हा रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. दिव्यांच्या बाजूचा हा सगळ्यात भक्कम पुरावा. उलट इंग्लंड आणि वेल्समध्ये ६२ स्थानिक संस्थांनी रस्त्यावरचे दिवे मंद केले किंवा मध्यरात्रीनंतर बंद केले, त्याचा अभ्यास २०१५ मध्ये आला. त्यात गुन्हे किंवा अपघात वाढल्याचा पुरावा मिळाला नाही.

दोन्ही खरे असू शकतात. अंधाऱ्या, गजबजलेल्या, गुन्ह्यांनी त्रस्त जागी नीट लावलेला दिवा उपयोगी पडतो. तुमच्या उपनगरातल्या गॅरेजवरचा, रस्त्याकडे तोंड केलेला फ्लडलाइट ही वेगळी गोष्ट आहे. तो डोळ्यांत गेला की त्याच्या मागे कोण उभे आहे तेच दिसत नाही. हालचाल टिपणारा सेन्सर आणि झाकलेला दिवा हे बहुतेक नियमांत बसते, आणि पाळत म्हणूनही तेच चांगले, कारण अचानक पेटलेल्या दिव्याकडे शेजाऱ्याचे लक्ष जाते.

११. शेजाऱ्याचा दिवा थेट आमच्या बेडरूममध्ये येतो. पोलिसांना बोलवू?

आधी शेजाऱ्याकडे जा, तेही दिवसा. बहुतेकांना कल्पनाच नसते. ‘तुमचा दिवा जरा खाली वळवता का’ एवढ्यावर बरीच प्रकरणे मिटतात. मिटले नाही तर गावाच्या कोड एन्फोर्समेंट, म्हणजे गावाचे नियम पाळायला लावणाऱ्या, विभागाकडे तक्रार करा. पोलीस नव्हे, हा विभाग. तक्रारीला तुमच्या खिडकीतून काढलेला रात्रीचा फोटो जोडा. गावाचा नियम नसेल तर ‘न्यूसन्स’चा, म्हणजे उपद्रवाचा, दिवाणी दावा उरतो. तो खर्चिक असतो, आणि जिंकलात तरी त्याच शेजाऱ्याशेजारी राहायचे असते. जाड पडदा त्याहून स्वस्त, हे कायद्याच्या उत्तरात शोभत नसले तरी लिहून ठेवतो.

१२. दिवाळीच्या माळा आणि आकाशकंदील?

सणासुदीच्या तात्पुरत्या रोषणाईला जवळजवळ सगळीकडे सूट असते. मेख तारखांत आहे. काही गावांच्या आणि पुष्कळ एचओएंच्या नियमांत ही सूट नाताळ डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असते, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून किंवा थँक्सगिव्हिंगपासून जानेवारीपर्यंत. दिवाळी २०२५ मध्ये ऑक्टोबरात होती, २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. म्हणजे तुमच्या माळा सूट सुरू होण्याआधीच लागतात आणि उतरतात.

यावर भांडण्यापेक्षा नियम लिहिला जात असताना बोलणे सोपे. ‘वर्षातून एकूण इतके दिवस’ अशी धर्मनिरपेक्ष भाषा सुचवा, ती मान्य व्हायला अडचण येत नाही. पेनसिल्व्हेनियाने २०२४ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये दिवाळीला राज्याच्या सुट्ट्यांत स्थान दिले, त्याचा दाखला तिथे उपयोगी पडेल. बाकी, कागदी आकाशकंदिलातला छोटा बल्ब कोणाच्या डोळ्यांत जात नाही. छतभर सोडलेल्या निळ्या-पांढऱ्या एलईडीबद्दल तसे म्हणता येणार नाही.

१३. आता ओळखपत्राकडे. ‘खोटं’ म्हणजे फक्त छापलेलं नकली कार्ड का? दादाचं खरं लायसन्स दाखवलं तर?

तेही खोटेच. साधारणपणे तीन गोष्टी यात येतात: बनावट छापलेले कार्ड, खऱ्या कार्डावर तारीख किंवा फोटो बदललेला, आणि दुसऱ्याचे खरे कार्ड स्वतःचे म्हणून दाखवणे. तिसऱ्यात दादाही अडकतो, कारण आपले कार्ड दुसऱ्याला वापरायला देणे हाही बहुतेक राज्यांत गुन्हा आहे. ‘मैत्रिणीने फक्त बघायला घेतले होते’ हे काउंटरवर कोणी ऐकत नाही.

१४. बारवाला माझं कार्ड काढून घेऊ शकतो? तो काय पोलीस आहे?

पोलीस नाही, आणि म्हणूनच कायदा लागतो. दुसऱ्याची वस्तू परवानगीशिवाय ठेवून घेणे एरवी त्याच्यावरच शेकेल. काही राज्यांनी कायद्याने त्याला तेवढ्यापुरते संरक्षण दिले आहे, काहींनी नाही. जिथे नाही, तिथे त्याने कार्ड परत द्यावे, विक्री नाकारावी आणि हवे तर पोलिसांना बोलवावे.

कोलोरॅडोत परवानाधारकाला किंवा त्याच्या नोकराला, समोरचा २१ च्या आतला आहे आणि वयाचा खोटा पुरावा दाखवतो आहे असे मानायला सबळ कारण असेल, तर तो पुरावा ताब्यात घेता येतो. मात्र ७२ तासांत तो पोलिसांकडे जायला हवा. कॅलिफोर्नियात मुदत २४ तासांची आहे, आणि कार्ड घेतल्याची पावती ग्राहकाला द्यावीच लागते. कॅलिफोर्नियाचा कायदा एका बाबतीत पुढे जातो: खोटे नसले तरी ज्यावरून ग्राहक २१ च्या आतला दिसतो असे कार्डही घेता येते. म्हणजे १९ वर्षांच्या मुलाने बारमध्ये आपले अगदी खरे लायसन्स पुढे केले, तरी ते जाऊ शकते.

१५. मग आमदारांत वाद कशाचा? खोटं कार्ड जप्त व्हावं यात कोणाला अडचण?

जप्त व्हावे यात फारशी कोणाला नाही. अडचण ‘खोटे आहे हे ठरवणार कोण’ यात आहे. शनिवारी रात्री दारावर उभ्या असलेल्या बाविशीतल्या बाउन्सरला पन्नास राज्यांची कार्डे आणि परदेशी पासपोर्ट ओळखायचे असतात. चुकला तर ज्याचे कार्ड गेले त्याला गाडी चालवता येत नाही, विमानात बसता येत नाही. ७ मे २०२५ पासून देशांतर्गत विमानालाही रिअल आयडीच्या, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या निकषांच्या, दर्जाचे ओळखपत्र मागू लागले आहेत, तेव्हा ही चूक आणखी महागात पडते. आणि चुका सगळ्यांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत. अनोळखी नाव, परदेशी कागद, बोलण्याची वेगळी ढब असली की संशय लवकर येतो. माझे मत विचाराल तर पावती आणि २४ तासांची मुदत नसलेले विधेयक अर्धवट आहे.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही खोटे नाही. २०२० च्या पहिल्या सहा महिन्यांत एकट्या शिकागोच्या ओहेअर विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी १,५१३ पार्सलांतून १९,८८८ बनावट लायसन्स पकडली. बहुतेक चीन आणि हाँगकाँगहून आलेली, आणि बरीचशी कॉलेजच्या वयाच्या मुलांसाठी. काही नकली मिशिगन कार्डांवरचा बारकोड चक्क वाचलाही जात होता. कार्ड परत दिले तर तेच कार्ड पुढच्या दुकानात जाते, हे दुकानदारांचे गाऱ्हाणे इथून येते.

१६. माझं लिकर स्टोअर आहे. कार्ड जप्त केलं नाही तर माझ्यावर खटला होईल का?

आपल्या पुष्कळ लोकांची अशी दुकाने आहेत, म्हणून हा प्रश्न फार येतो. कॅलिफोर्नियात स्पष्ट लिहिले आहे: जप्त न करण्याच्या निर्णयाबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. तुमची खरी जबाबदारी विक्री न करण्याची. अनेक राज्यांत, तुम्ही कार्ड प्रामाणिकपणे तपासले होते आणि ते पटण्याजोगे होते हे दाखवता आले, तर अल्पवयीनाला विक्री झाल्याच्या आरोपात तो बचाव होतो. न्यूयॉर्कमध्ये स्कॅनरने केलेली तपासणी अशा बचावात धरली जाते.

नोकरांना एवढेच सांगा: हिसकावू नका, दार अडवू नका. ग्राहकाने काउंटरवर ठेवलेले कार्ड ठेवून घेणे आणि त्याच्या मुठीतून ओढणे यात कोर्टाला फार फरक दिसतो. कोणी, केव्हा, कोणते कार्ड घेतले याची वही ठेवा. गल्ल्यात साठलेली नकली कार्डे भिंतीवर शोभेला लावण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. जिथे पोलिसांकडे द्यायची मुदत आहे तिथे ती भिंत म्हणजे तुमच्याच विरुद्धचा पुरावा.

१७. माझं खरं कार्ड खोटं म्हणून घेतलं. आता?

तिथेच पावती मागा, निदान घेणाऱ्याचे नाव आणि वेळ लिहून घ्या. देत नसेल तर पोलिसांच्या बिगर-आणीबाणी क्रमांकावर फोन करून अधिकारी बोलवा. तुम्ही २१ पूर्ण असाल आणि कार्ड खरे असेल तर पोलीस येण्यात तुमचाच फायदा. आवाज चढवू नका, कार्ड ओढून घेऊ नका. पोलीस आले नाहीत तर दुसऱ्या दिवशी त्या हद्दीच्या ठाण्यात चौकशी करा, कार्ड तिथे पोचायला हवे. नाही पोचले तर राज्याच्या दारू परवाना विभागाकडे तक्रार.

ग्रीन कार्ड असेल तर हयगय नको. १८ वर्षांवरच्या परदेशी नागरिकाने आपला नोंदणीचा पुरावा सतत जवळ बाळगावा असा केंद्रीय कायदा आहे. म्हणूनच बारमध्ये ग्रीन कार्ड दाखवूच नये, राज्याचे लायसन्स दाखवावे.

१८. भारतीय पासपोर्ट चालतो का? आणि आधार?

पासपोर्ट बहुतेक ठिकाणी चालतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात परदेशी सरकारचा वैध पासपोर्ट स्पष्ट लिहिलेला आहे. आधार किंवा भारतातले लायसन्स चालत नाही असे धरूनच चाला.

एक बारीक खोच. भारतीय पासपोर्टवर आधी दिवस, मग महिना असतो, अमेरिकन माणूस आधी महिना वाचतो. ०५/११ ही तुमची ५ नोव्हेंबर त्याला ११ मे वाटते, आणि नुकतेच २१ झालेल्या किंवा होत आलेल्या मुलांच्या बाबतीत यावरून वाद होतात. शिवाय पासपोर्ट ही १९६७ च्या कायद्याने भारत सरकारची मालमत्ता आहे. तो घेतला गेला आणि परत मिळाला नाही तर पोलिसांची नोंद घेऊन वाणिज्य दूतावासाशी बोलावे लागते. इतक्या कटकटीपेक्षा विद्यार्थ्यांनी आल्या आल्या राज्याचे लायसन्स किंवा ओळखपत्र काढून घ्यावे, गाडी चालवायची नसली तरी.

१९. शिक्षा किती? मुलं म्हणतात, सगळेच करतात, काही होत नाही.

राज्याराज्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कॅलिफोर्नियात दारूसाठी खोटे ओळखपत्र दाखवणे हा किरकोळ गुन्हा, किमान २५० डॉलर दंड किंवा २४ ते ३२ तास समाजसेवा. फ्लोरिडात बनावट लायसन्स नुसते जवळ बाळगणे हाच तिसऱ्या श्रेणीचा गंभीर गुन्हा, कमाल पाच वर्षे कैद. प्रत्यक्षात पहिल्या वेळी एवढी शिक्षा क्वचित होते, पण नोंद राहते. काही राज्ये गाडीचे खरे लायसन्सही काही काळ थांबवतात.

२०. मुलगा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आहे आणि खोट्या कार्डासह पकडला गेला. वकील म्हणतो, गुन्हा कबूल करून मोकळे व्हा. करू?

थांबा. इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलल्याशिवाय काहीही कबूल करू नका. अमेरिकन मुलासाठी जे शंभर-दोनशे डॉलरमध्ये मिटते, ते फसवणुकीच्या सदरात मोडले तर व्हिसाच्या वेळी वर येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पाडिया खटल्यात म्हटले आहे की कबुलीमुळे हद्दपारीचा धोका असेल तर फौजदारी वकिलाने तसे अशिलाला सांगितलेच पाहिजे. त्याला सरळ विचारा: या कलमाचा माझ्या व्हिसावर काय परिणाम? उत्तर ‘माहीत नाही’ आले तर दुसरे मत घ्या.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे खोट्या कागदाच्या आधारे स्वतःला अमेरिकन नागरिक म्हणवणे. त्याला केंद्रीय कायद्यात जवळजवळ माफी नाही, आणि बिअरच्या एका डब्यासाठी तसे बोलून गेलेल्या मुलाला हे माहीत नसते. खटला रद्द झाला तरी पुढच्या अर्जात ‘कधी अटक झाली होती का’ याचे उत्तर ‘हो’च राहते, म्हणून निकालाची प्रमाणित प्रत जपून ठेवा.

२१. दुकानात कार्ड स्कॅन करतात. त्यातून कळतं का खरं की खोटं? आणि माझी माहिती कुठे जाते?

साधा स्कॅनर फक्त मागचा बारकोड वाचतो आणि त्यातली माहिती ठरलेल्या साच्यात आहे का ते बघतो. मोटार वाहन विभागाला तो विचारत नाही. म्हणून प्रश्न १५ मधल्या मिशिगनच्या नकली कार्डांसारखे कार्ड त्यातून सुटू शकते. बारकोडमध्ये तुमचा पत्ता, उंची, डोळ्यांचा रंग असे बरेच काही असते, आणि विकणाऱ्याला त्यातले वय सोडून काहीच लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये विक्रेत्याने नाव, जन्मतारीख, कार्डाचा क्रमांक आणि मुदत यांपलीकडे नोंद ठेवू नये असा नियम आहे. स्कॅनर सक्तीचा करणारे विधेयक तुमच्या राज्यात आले तर माहिती किती दिवस ठेवणार आणि विकणार का, हे दोन प्रश्न सुनावणीत विचारा (कसे, ते प्रश्न ४ मध्ये).

२२. माझं लायसन्स फोनमध्ये आहे. मग तो फोनच जप्त करणार का?

जप्तीचे बहुतेक कायदे प्लास्टिकचे कार्ड डोळ्यांपुढे ठेवून लिहिले गेले. लुइझियानाचे डिजिटल लायसन्स २०१८ मध्ये आले, ॲरिझोनाचे मार्च २०२२ मध्ये ॲपल वॉलेटमध्ये गेले, आणि आता बरीच राज्ये त्या वाटेवर आहेत. ओळखपत्र घेण्याच्या अधिकारात हजार डॉलरचा फोन बसतो असे म्हणणारा दुकानदार फार मोठी जोखीम घेतो. डिजिटल लायसन्सचा खरा फायदा वेगळाच आहे: नाव-पत्ता न दाखवता नुसते ‘२१ पूर्ण’ एवढेच पाठवता येते.

पण प्रत्येक दुकानाने ते स्वीकारलेच पाहिजे अशी सक्ती सहसा नसते, म्हणून प्लास्टिकचे कार्ड जवळ ठेवाच. लायसन्सचा स्क्रीनशॉट किंवा फोटो मात्र कुठेच दाखवू नका. तो डिजिटल लायसन्स नव्हे, आणि बदललेला निघाला तर प्रश्न १३ पासून पुन्हा वाचावे लागेल.